डॉ. स्टॅप यांची एकोणतिसावी फेरी

(दृश्य: वाळवंट, सरळसोट रूळ, टोकाला उभी गाडी. जुनी चित्रफीत.)

10 डिसेंबर 1954. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातला हॉलोमन हवाईतळ. साडेतीन हजार फूट लांबीच्या या रुळांवर जी गाडी उभी आहे, तिचं नाव 'सॉनिक विंड नंबर वन'. तिला चाकं नाहीत. रूळ धरून ठेवणाऱ्या पोलादी पट्ट्यांवर ती घसरते. मागे नऊ रॉकेटं जोडलीत. पुढे उघड्या खुर्चीत ज्याला बांधताहेत, तो वैमानिक नाही, हवाईदलातला डॉक्टर आहे. लेफ्टनंट कर्नल जॉन पॉल स्टॅप, वय 44.

(जवळून: पट्टे आवळणारे हात.)

पट्टे नीट बघा. दोन खांद्यांवरून आले, एक कमरेवरून गेला, मांड्यांवरून आणखी. हातपायही बांधले, कारण वाऱ्याच्या तडाख्यात ते सुटे राहिले तर मोडतील. दातांत रबराचा ठोकळा. यातला कुठला पट्टा किती रुंद हवा आणि शरीरावर नेमका कुठे बसायला हवा, हे या माणसाने सात वर्षं स्वतःला खुर्चीत बांधून घेऊन ठरवलंय.

(दृश्य: म्यूरॉक, कॅलिफोर्निया. कोरडं पडलेलं तळं.)

ही सात वर्षं सुरू झाली इथे, 1947 मध्ये. हा तळ पुढे एडवर्ड्स नावाने जगाला माहीत झाला.

त्या काळी विमानं बांधणाऱ्यांच्या डोक्यात एक आकडा पक्का बसला होता, 18 जी. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या अठरा पट जोर. त्यापलीकडे माणूस जगतच नाही, असं धरून खुर्च्या आणि कॉकपिट तेवढीच मजबूत करत. ती मोडली आणि आतला माणूस गेला, तर जोरच एवढा होता म्हणून सोडून देत. पण तसल्याच आपटण्यातून अधूनमधून कुणीतरी जिवंत बाहेर येत होतं. स्टॅप यांना तिथे शंका आली. प्राणीशास्त्र शिकून, जीवभौतिकीत डॉक्टरेट घेऊन, मग वैद्यकीकडे वळलेले हे गृहस्थ. आधी ते हवाईदलाच्या राइट फील्ड तळावरच्या प्रयोगशाळेत होते. उड्डाणापूर्वी अर्धा तास शुद्ध ऑक्सिजन घेतला, तर फार उंचीवर वैमानिकाच्या अंगात वायूचे बुडबुडे होऊन होणारा त्रास टळतो, हे त्यांनी स्वतः विमानात बसून दाखवलं होतं.

(दृश्य: 'जी व्हिज' गाडी. खुर्चीत पुतळा.)

म्यूरॉकचा रूळ दोन हजार फुटांचा. मुळात तो क्षेपणास्त्रांच्या चाचणीसाठी घातलेला. त्यावर रॉकेटांनी पळवून एकदम थांबवायची ही गाडी नॉर्थ्रॉप कंपनीने बांधली, नाव 'जी व्हिज'. खुर्चीत बसलाय ऑस्कर एटबॉल, 185 पौंडांचा पुतळा. सुरुवातीच्या एका फेरीत त्याला मुद्दाम फक्त कमरेचा हलका पट्टा लावला होता. गाडी थांबली. ऑस्कर थांबला नाही.

(चित्रफीत सावकाश. इथे निवेदन नाही.)

सुमारे सातशे फूट पुढे जाऊन पडला तो.

डिसेंबर 1947 मध्ये स्टॅप स्वतः बसले. पहिल्या फेऱ्या पाठमोऱ्या, म्हणजे जोर छातीवर न येता पूर्ण पाठीवर वाटला जावा. ऑगस्ट 1948 पर्यंत अशा सोळा फेऱ्या झाल्या आणि आकडा 35 जी वर गेला. अठराच्या जवळजवळ दुप्पट! मग खुर्ची पुढे तोंड करून फिरवली. बरगड्या मोडल्या, मनगट दोनदा मोडलं, दातांतलं चांदी-सिमेंट निघून आलं. अधल्यामधल्या काही फेऱ्यांना चिंपांझीही बांधले गेले. तेही या चित्रफितींत आहेत.

लोक याला धाडस म्हणतात. आम्हाला यात हिशेब जास्त दिसतो. प्रत्येक फेरीत एकच गोष्ट बदलायची: कधी पट्ट्याची रुंदी, कधी ब्रेकचा जोर, कधी खुर्चीची दिशा. फेरी संपली की स्वतःला काय झालं ते डॉक्टरच्या भाषेत लिहून ठेवायचं. पुतळा हे सांगू शकत नव्हता.

(दृश्य: पुन्हा हॉलोमन. रुळांमधलं पाणी.)

रुळांच्या मधोमध हे पाणी अडवून ठेवलंय. ब्रेक तोच. गाडीच्या पोटाखाली सुपासारखी पत्र्याची तोंडं आहेत. ती या पाण्यात शिरतात, पाणी उचलून बाजूला फेकतात, आणि त्या ओढीने गाडी थांबते. पाणी जितकं खोल, तितका झटका मोठा.

वरून टी-33 विमान येतंय. वैमानिक जो किटिंगर. वरून चित्रीकरण करायचं म्हणून त्याने आधीच वेग घेतलाय.

(रॉकेटांचा आवाज. निवेदन नाही.)

पाच सेकंदांत ताशी 632 मैल. म्हणजे ताशी हजार किलोमीटरच्या वर. विमान मागे पडलं.

(पाण्याचा फवारा. सावकाश.)

आणि सव्वा-दीड सेकंदात शून्य. 46.2 जी. सत्तर किलोंच्या माणसाचं अंग त्या क्षणी तीन टनांहून जास्त भरतं.

(चेहरा. डोळे.)

गाडी थांबली, डोळे पुढेच निघाले होते. डोळ्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्या, दिसायचं बंद झालं. याची त्यांना कल्पना होती. आधी खोलीतला दिवा मालवून, अंधारात कपडे घालायचा सराव करून आले होते. नजर हळूहळू परतली. डोळ्यांभोवतीचं काळंनिळं मात्र बरेच दिवस राहिलं.

ही त्यांची शेवटची फेरी. पुढच्या सप्टेंबरात 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ते झळकले.

(दृश्य: मोटारींच्या टकरीच्या चाचण्या.)

आता या मोटारी. हवाईदलाचे लोक विमानांपेक्षा रस्त्यावर जास्त मरताहेत, हे स्टॅप यांच्या लक्षात आलं होतं. ज्या पट्ट्यांनी त्यांना 46 जी मध्ये खुर्चीत धरून ठेवलं, तसले पट्टे गाडीत नव्हतेच. मे 1955 मध्ये त्यांनी मोटार कंपन्यांची आणि संशोधकांची माणसं हॉलोमनला बोलावली आणि हे समोर करून दाखवलं. ती परिषद आजही त्यांच्या नावाने भरते. 1959 मध्ये स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतल्या निल्स बोलीन यांनी आपल्याला माहीत असलेला, खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा पट्टा आणला.

(छायाचित्र: व्हाइट हाउस.)

9 सप्टेंबर 1966. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वाहनसुरक्षेच्या कायद्यावर सही केली, तेव्हा स्टॅप तिथे हजर होते. 1968 पासून अमेरिकेत नव्या मोटारींना पट्टे सक्तीचे झाले. 1970 मध्ये ते कर्नल म्हणून निवृत्त झाले आणि 1999 मध्ये, हॉलोमनच्या शेजारच्या अलामोगोर्डो गावी, 89व्या वर्षी वारले.

(दृश्य: आजची मोटार. मागची सीट. पट्ट्याचं बक्कल सीटच्या फटीत दाबून टाकलेलं.)

भारतात मागच्या सीटवरच्या माणसानेही पट्टा लावलाच पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 138(3) खाली ते लिहिलेलं आहे.