व्यवसायाचा रकाना आणि करिअर

श्रोतेहो, नमस्कार.

बँकेत खातं उघडायला गेलं की अर्जात 'व्यवसाय' असा रकाना असतो. शेती, नोकरी, किराणा दुकान, काहीतरी लिहून आपण मोकळे होतो. त्या रकान्याला फक्त आजचं हवं असतं. करिअरचा हिशेब वर्षांचा. कुठून निघालात, वाटेत काय शिकलात, कुठं पोचलात, सगळं त्यात आलं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचंच बघा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. बढती डावलली, तशी नोकरी सोडली. बेळगावात सायकली विकल्या. मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळं नांगर बराच काळ खपेनात. १९१० साली औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर कारखाना आला आणि त्याची किर्लोस्करवाडी झाली. मास्तर, दुकानदार, कारखानदार. रकाना दोनदा बदलला असता. यंत्राचा नाद काही सुटला नाही, आणि करिअर म्हणायचं ते त्यालाच.

आता सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीकडं या. इथली हजारो माणसं गलाईसाठी देशभर पांगलीत. जुनं सोनं-चांदी मुशीत वितळवायचं, त्यातला हीण काढायचा, शुद्ध माल सराफाच्या हवाली करायचा. दुष्काळी भागातलं पोरगं मामाच्या नाहीतर चुलत्याच्या दुकानात जातं. आधी झाडलोट, मग भट्टी, मग ॲसिडचं काम. हळूहळू कस ओळखायला लागतं, तिथली भाषा बोलायला लागतं, सराफांचा विश्वास कमावतं. पुढं कधीतरी स्वतःचं दुकान, आणि गावाकडून दुसरं पोरगं बोलावणं. शिकणं आहे, बढती आहे, जोखीमही आहे. पण गावात विचारा, "पोरगं काय करतंय?" उत्तर येतं, "काही नाही, गलाईला गेलंय." हे 'काही नाही' मला खटकतं. त्याच आळीतलं दुसरं पोरगं स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसलेलं असतं. ते मात्र 'करिअर करतंय'! व्यवसायाचा रकाना अजून कोराच, तरी. अभ्यासाला माझी ना नाही. पण मान वाटायची ही कुठली रीत?

साताऱ्याचं अपशिंगे गाव घ्या. 'मिलिटरी अपशिंगे' अशीच त्याची ओळख, पहिल्या महायुद्धापासून घरटी फौजेत जायची परंपरा. २०२२ सालच्या अग्निपथ योजनेआधी शिपाई म्हणून भरती झालेला जवान बहुधा चाळिशीच्या आतबाहेर पेन्शनीवर येतो. हवालदार, सुभेदार अशा पायऱ्या चढलेली एक कारकीर्द तिथं पुरी झालेली असते, आणि वय तर अजून कमावतं असतं. मग कुणी बँकेच्या दारात सुरक्षारक्षक होतो, कुणी उसाच्या फडात उतरतो. अर्जात तो 'शेती' लिहितो, ते खरंच असतं. फक्त त्याच्याकडं बघताना आपण तेवढंच वाचतो. खरं तर नकाशा वाचणं, माणसं सांभाळणं, रसद वेळेत पोचवणं हे त्याच्या अंगी मुरलेलं असतं, आणि त्याची गरज गावच्या सोसायटीला आज आहे.