सुबाभूळ, शेळ्या आणि सोनामुखी

नमस्कार श्रोतेहो.

सोनामुखी रात्री घेतली की सकाळी पोट साफ होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मधल्या आठ-दहा तासांत ती करते काय? बराच वेळ तर काहीच नाही. तिच्यातलं मुख्य द्रव्य सेनोसाइड. त्याला साखरेचे रेणू चिकटलेले असतात, म्हणून ते जठरात पचत नाही, लहान आतड्यात शोषलं जात नाही, जसंच्या तसं मोठ्या आतड्यात उतरतं. तिथले जिवाणू ती साखर तोडून खातात, उरलेल्याचे तुकडे करतात आणि त्यातून ऱ्हाइन-अँथ्रोन तयार होतं. आतडं हलवतं ते हे. पुन्हा सांगतो, पानात असतो तो कच्चा माल. रेचक तयार होतं पोटात, जिवाणूंच्या हातून.

कोरफडीच्या पिवळ्या चिकाचंही तेच. जपानी संशोधकांनी पोटात एकही जंतू नसलेले उंदीर वाढवले आणि त्यांना त्या चिकातलं बार्बालॉइन दिलं. जुलाब झाले नाहीत. मग माणसाच्या आतड्यातला एकच नेमका जिवाणू त्यांच्या पोटात सोडला, पुन्हा बार्बालॉइन दिलं, आणि उंदरांना सपाटून जुलाब लागले!

आता मला जी गोष्ट सांगायचीच आहे ती सांगतो. ती औषधाची नाही, चाऱ्याची आहे, पण चालेल.

सुबाभूळ तुम्ही पाहिलेली असेलच. भराभर वाढते, पाल्यात प्रथिनं भरपूर. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात गुरांसाठी हा चारा उत्तम ठरेल असं वाटलं होतं. पण नुसत्या पाल्यावर राहिलेली जनावरं खंगायला लागली. शेपटीचे केस गळाले, तोंडातून लाळ गळू लागली, गळ्यातली थायरॉइड ग्रंथी सुजली. कारण होतं पाल्यातलं मायमोसीन. कोठीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, त्याचं डीएचपी नावाचं द्रव्य होतं आणि ते थायरॉइडचं काम बिघडवतं. (मायमोसीन लाजाळूतही असतं. लाजाळू औषधी आहे म्हणून मूठभर चावून खाणाऱ्यांनी हे कानात साठवावं. झाडावर उगवलं म्हणजे निरुपद्रवी, हा समज कुणी पसरवला कोण जाणे.)

तर ऑस्ट्रेलियात हा प्रकार, आणि तिकडे हवाई बेटांवर शेळ्या तोच पाला पोटभर खाऊन खुशाल. झाड तेच, विष तेच. रेमंड जोन्स नावाच्या शास्त्रज्ञानं मग एक साधी गोष्ट केली. दोन्हीकडच्या जनावरांचं मूत्र तपासलं. ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या मूत्रात डीएचपी भरपूर, हवाईच्या शेळ्यांच्या मूत्रात ते जवळपास नाहीच. म्हणजे विष पोटात जात होतं, पण बाहेर पडत नव्हतं. मधल्या मध्ये त्याला कुणीतरी संपवत होतं. जोन्सना वाटलं, हे काम शेळीचं नव्हे, तिच्या कोठीपोटातल्या जंतूंचं असावं.

आता हे सिद्ध कसं करायचं? एका ठिकाणच्या शेळीच्या कोठीपोटातला रस काढायचा आणि दुसऱ्या ठिकाणच्या शेळीच्या पोटात घालायचा. ऐकायला किळसवाणं आहे खरं, पण केलं तेच. आधी इंडोनेशियातल्या शेळीचा रस ऑस्ट्रेलियातल्या शेळ्यांना दिला आणि त्या डीएचपी पचवू लागल्या. पुढे हवाईच्या शेळ्यांचे जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या गुरांना दिले. गुरं सुबाभूळ खाऊ लागली आणि धडधाकट राहिली. शिवाय कळपातल्या सगळ्यांना डोस पाजावा लागत नाही. एकाच्या पोटात ते जिवाणू रुजले की बरोबरीनं चरणाऱ्या इतरांकडेही पोचतात. क्वीन्सलंडमधल्या पशुपालकांना हे जिवाणू आज पाजायला तयार मिळतात. 1992 मध्ये त्या जिवाणूचं बारसं झालं. नाव ठेवलं सिनर्जिस्टिस जोन्सिआय, म्हणजे जोन्स यांच्या नावावरून. वाघ-सिंहांवर तासतासभराचे माहितीपट निघतात आणि या जिवाणूवर एकही निघत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

असो. वेळ थोडा उरलाय, माणसांकडे येऊ.

डिजिटालिस या वनस्पतीपासून डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध मिळतं. विल्यम विदरिंग या इंग्लिश डॉक्टरांनी 1785 मध्ये डिजिटालिसवर पुस्तक लिहिलं, तेव्हापासून ती वैद्यकात मानाची. हे औषध घेणाऱ्या साधारण दहातल्या एका रुग्णात त्याचा मोठा हिस्सा आतड्यातच निकामी होतो. करणारा जिवाणू एगर्थेला लेंटा. अशा रुग्णाला अँटिबायोटिक दिलं की तो जिवाणू दबतो, औषध वाया जायचं थांबतं आणि रक्तातलं प्रमाण वाढतं. डिगॉक्सिनमध्ये उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार थोडं, म्हणून हे वाढणं धोक्याचं. सर्दी झाली की अँटिबायोटिक मागणाऱ्यांवर मी एरवीही चिडतो. सर्दी विषाणूंची, तिच्यावर त्याचा उपयोग शून्य, आणि पोटातली वस्ती मात्र उठते.

म्हणून हृदयाची गोळी चालू असताना दुसऱ्या कुणी अँटिबायोटिक लिहून दिलं, तर आधीच्या डॉक्टरांना कळवा. परत सांगतो, कळवा. आणि काढा, चूर्ण जे काही घेत असाल तेही सांगा. जेष्ठमधासारखं गोड मूळसुद्धा यातून सुटत नाही. त्यातल्या ग्लिसरायझिनची साखर आतड्यातले जिवाणू तोडतात, मग जे उरतं ते रक्तात जातं, आणि रोज भरपूर घेतलं तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. रक्तदाबाची गोळी घेऊनही आकडा खाली येत नसेल, तर डॉक्टरांपुढे जेष्ठमधाचं नाव जरूर काढा.

नमस्कार.