खिडकीतला कप

नाशिकच्या शरणपूर रोडवर आज दुकानांच्या पाट्या आणि ट्रॅफिकच दिसतं. पण नावातच 'शरण' आहे. १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने इथे ख्रिस्ती वस्ती वसवली. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे राहिली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. ज्यांना कुठेच थारा नव्हता, त्यांना इथे मिळाला.

याच शहरात माझी आई आमच्याच चर्चच्या मंडळीतल्या एका पंचांकडे धुणीभांडी करायची. शाळा सुटली की मी तिथेच जायचो. मोरीजवळच्या खिडकीत कान तुटलेला एक कप पालथा ठेवलेला असायचा. आईचा चहा त्यात. तो विसळायचाही तिनेच. आणि रविवारी हेच पंच शास्त्रपाठ वाचायचे. प्रभुभोजनाला, म्हणजे सगळ्यांनी एकाच प्याल्यातून द्राक्षारस घेण्याच्या विधीला, त्यांच्यामागून आई त्याच प्याल्याला ओठ लावायची.

सोळाव्या वर्षी मी चर्चला जाणं सोडलं. आईने नाही सोडलं. "भोजन प्रभूचं आहे रे, त्यांचं थोडंच आहे?" एवढंच म्हणाली. मला तेव्हा ती लाचारी वाटली.

पुढे लक्ष्मीबाई टिळक वाचल्या. जन्म इथलाच, नाशिकजवळच्या जलालपूरचा. १८९५ मध्ये पती ख्रिस्ती झाले, तेव्हा त्या दूर राहिल्या. परत आल्या तरी स्वयंपाकपाणी वेगळं, सोवळ्यातलं. मग एक दिवस त्यांचं त्यांनाच पटलं की जात माणसाने केली, देवाने नाही. सोवळं सुटलं आणि बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. आमच्या पंचांच्या घराण्यात बाप्तिस्मा पिढ्यांपूर्वी झाला होता, सोवळं तेवढं सोडायचं राहिलं.

शुभवर्तमान पुन्हा उघडलं. ज्यांना लोक पापी म्हणून दूर ठेवत, त्या जकातदारांबरोबर येशू जेवायला बसतो. आणि शास्त्री-परूश्यांना, म्हणजे धर्म काटेकोर पाळणाऱ्या प्रतिष्ठितांना, मात्र ढोंगी म्हणतो, चुना लावलेल्या कबरी म्हणतो. म्हणजे मला आलेला राग त्याला माझ्याआधीच आला होता. मग पंचांवरच्या रागापायी मी त्याला का सोडलं होतं?

मी परत जाऊ लागलो. त्याच आठवड्यात घरी ओट्याच्या कोपऱ्यात स्टीलचा एक पेला दिसला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा. रोज दिसत होता, किती वर्षं कोण जाणे. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर.

मी तो उचलून आमच्या पेल्यांत ठेवला. दुसऱ्या दिवशी मावशींनी तो पुन्हा कोपऱ्यात नेला. म्हटलं, "मावशी, राहू दे तिथेच." त्या काही बोलल्या नाहीत. मी दोन पेल्यांत चहा ओतला, कुठला कोणाचा ते न बघता.