संघाची वही

नमस्कार, श्रोतेहो.

मराठी वृत्तपत्राच्या क्रीडापानावर खो-खोच्या सामन्याची बातमी आपण कधी वाचली असेल, तर खेळाडूच्या नावापुढे कंसात छापलेले आकडे आपल्याला आठवत असतील. ‘१.५० मि. व ३ गडी’ अशा धर्तीचे ते आकडे असतात, म्हणजे तिने किती वेळ बचाव केला आणि किती गडी बाद केले. फोंडा तालुक्यातल्या आमच्या महाविद्यालयात क्रीडा समितीची सदस्य म्हणून मुलींच्या खो-खो संघाची जबाबदारी माझ्याकडे पहिल्यांदा आली, तेव्हा मैदानाच्या कडेला बसून मी अशीच एक बातमी मोठ्याने वाचत होते आणि त्या आकड्याचा उच्चार मी अगदी विश्वासाने ‘दीड मिनिट’ असा केला. शेजारी बसलेल्या आठ-नऊ मुली एकदम हसल्या. खो-खोत १.५० म्हणजे एक मिनिट पन्नास सेकंद. दीड मिनिट सांगायचे असते, तर १.३० असे छापले गेले असते. ज्या खेळात वीस सेकंदांत दोन गडी बाद होऊ शकतात, त्या खेळात माझी चूक लहान नव्हती. आयुष्यभर मराठी भाषा शिकवत आलेली मी त्या सकाळी निरक्षर ठरले, आणि तो निकाल योग्य होता असे मला अजूनही वाटते.

संघ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे धावणारी, घामाघूम झालेली मुले येतात. लिहिणारी आणि वाचणारी मुले येत नाहीत. शिक्षकांच्या खोलीत तर हा समज इतका घट्ट रुजला आहे, की ‘ती खेळाडू आहे’ एवढे म्हटले की कमी गुणांचे सगळे स्पष्टीकरण झाले असे मानले जाते. गेली काही वर्षे या संघाच्या जवळ वावरल्यावर माझे मत असे झाले आहे, की माझ्या कोणत्याही वर्गापेक्षा या मुली एकमेकींनी लिहिलेले अधिक काळजीपूर्वक वाचतात. कारण आज लिहिलेल्या ओळीच्या भरवशावर उद्या त्यांच्यापैकीच कुणीतरी धावणार असते. संघाचे स्वतःचे असे एक लिहिणे-वाचणे असते, ते ज्याला येते तो त्या संघाचा होतो, आणि ते शिकवण्याचे काम बहुतेक वेळा मुलीच मुलींसाठी करतात. आज मला आपल्याशी त्याविषयी बोलायचे आहे.

आमच्या संघाची एक वही आहे. दोनशे पानांची, लांब, पुठ्ठ्याची साधी वही. पावसात भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली. तिच्या पहिल्या भागात दर सामन्यासाठी धावणाऱ्या खेळाडूंचा क्रम लिहिलेला असतो. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. खो-खोत नऊ जणी मैदानात असतात. पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ जणी मधल्या पाटीवर एकआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववी धावते. बचाव करणारा संघ मात्र एकदम मैदानात येत नाही. तिघी-तिघींच्या तुकड्यांनी येतो, आणि कोण कोणानंतर येणार हा क्रम पाळी सुरू होण्याआधी गुणलेखकाकडे लिहून द्यावा लागतो. नऊही जणी वेळेआधी बाद झाल्या, तर पुन्हा त्याच क्रमाने उतरायचे असते. एकदा लिहून दिलेला क्रम मैदानावर कुणाच्या मनात आले म्हणून बदलत नाही. पहिल्या तुकडीत कोणाला ठेवायचे, सर्वांत चपळ मुलगी आधी उतरवायची की शेवटी राखून ठेवायची, हा खरा डावपेच आहे आणि तो पूर्णपणे कागदावर लढला जातो.

ही गोष्ट आम्ही एकदा महाग पडून शिकलो. गुणलेखकाकडे दिलेल्या कागदावर एक क्रम होता आणि कर्णधाराच्या हातातल्या चिठ्ठीवर, आदल्या रात्री केलेल्या फेरफारामुळे, दुसरा होता. दुसरी तुकडी संपली तेव्हा कडेला उभ्या असलेल्या चौघी ‘म्हजो नंबर खंयचो?’ असे एकमेकींना विचारत राहिल्या, तोवर दोन खो देऊन झाले होते आणि उशिरा प्रवेश केल्याबद्दल एक मुलगी एक पाऊलही न धावता बाद झाली. सामना आम्ही हरलो, आणि एका गुणाने हरलो असे सांगितले असते तर गोष्ट अधिक रंगली असती. प्रत्यक्षात आम्ही चांगल्या सहा गुणांनी हरलो. तरीही परतीच्या बसमध्ये चर्चा झाली ती त्या चिठ्ठीचीच. तेव्हापासून क्रम एकाच ठिकाणी, वहीतच लिहायचा, नऊही जणींनी तो वाचून आपल्या नावापुढे खूण करायची आणि मगच त्याची प्रत गुणलेखकाकडे द्यायची, असा नियम मुलींनी स्वतः केला. तो मोडल्याचे मी पाहिलेले नाही. आमच्या समितीच्या इतिवृत्ताबद्दल मला असे म्हणता येणार नाही.

खेळ आणि लेखन यांचे हे नाते आजचे नाही. खो-खो आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खेळला जात होता, पण प्रत्येक गावाची तऱ्हा वेगळी होती. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाचे नियम बांधून दिले आणि मग एका गावचा संघ दुसऱ्या गावच्या संघाशी भांडण न करता खेळू शकेल अशी सोय झाली. तोंडी नियम गल्लीत पुरतो. अनोळखी माणसांशी खेळायचे, तर दोघांनाही वाचता येईल असे काहीतरी लिहून ठेवावे लागते.

आणि हे वाचणे अक्षरांचेच असते असे नाही. क्रिकेटमध्ये पंच चौकाराची किंवा वाइडची खूण करतात, तेव्हा गुणलेखकाने हात वर करून ती पोचल्याचे कळवेपर्यंत त्यांनी पुढचा चेंडू टाकू द्यायचा नसतो, असा नियमच आहे. हजारो प्रेक्षक थांबतात ते पेन्सिल हातात धरलेल्या एका माणसासाठी. आमच्या गोव्याचा राज्यखेळ असलेल्या फुटबॉलमध्ये पंचाच्या खिशातली पिवळी आणि लाल कार्डे आली, तीही भाषेच्या अडचणीतून. १९६६च्या विश्वचषकात इंग्लंड आणि अर्जेंटिना यांच्या सामन्यात जर्मन पंचाने अर्जेंटिनाच्या कर्णधाराला बाहेर काढले, पण दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि खेळ बराच वेळ खोळंबला. त्यानंतर केन ॲस्टन या इंग्रज पंचांना रस्त्यावरच्या सिग्नलचे दिवे पाहून रंगीत कार्डांची कल्पना सुचली, आणि १९७०च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकात ती प्रथम वापरली गेली.

भाषेची अडचण म्हटली की गोव्यात कुणाला अधिक समजावून सांगावे लागत नाही. आमच्या संघात सत्तरीची मुलगी आहे, डिचोलीची आहे, फोंड्याच्या तर बऱ्याच आहेत आणि एक सासष्टीची आहे. बहुतेकींची प्राथमिक शाळा मराठी किंवा कोंकणी माध्यमाची, पाचवीपासून सगळे शिक्षण इंग्रजीतून, आणि घरी बोलणे कोंकणी. सासष्टीच्या मुलीच्या घरी कोंकणी वाचतात ती रोमी लिपीतली; देवनागरी तिला वाचता येते, पण सावकाश. मैदानावर सगळ्या जणी कोंकणीतून ओरडतात, बातमी मराठीतून वाचतात आणि सूचना-फलक इंग्रजीत असतो. मोबाइलवरच्या गटात सरावाची वेळ कळवायची, तर ती रोमन अक्षरांत, आणि ‘फाल्यां’, म्हणजे उद्या, हा साधा शब्द एकाच दिवशी चौघींनी चार प्रकारे लिहिलेला मी पाहिला आहे. लिपीवरून आपल्याकडे सभा गाजल्या, अग्रलेख लिहिले गेले. त्या वादाचे महत्त्व मी भाषेची शिक्षिका म्हणून जाणते. या मुलींना मात्र साडेसहाला मैदानावर पोचायचे होते.

त्यांनी वहीसाठी काढलेला मार्ग मला फार शहाणपणाचा वाटतो. मैदानाचे चित्र, बसलेल्या आठ जणींसाठी आठ चौकोन, दोन टोकांना खांबांसाठी दोन ठिपके, धावणारीच्या मार्गासाठी बाण आणि नावाऐवजी पाठीवरचा क्रमांक. एकेरी साखळी धावायची, तर बाण नागमोडी जातो. रिंगण धरायचे, तर तो वळसा घेतो. जिथे खो द्यायचा तिथे फुली. शब्द लागलाच, तर ज्या लिपीत तो आधी सुचेल त्या लिपीत. त्यामुळे एकाच पानावर दोन लिप्या आणि तीन भाषा सुखाने नांदतात, आणि सासष्टीची मुलगी ते पान कोणाहीपेक्षा कमी वेगाने वाचत नाही. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, आमच्या तांबड्या मातीच्या मैदानावर फक्की मारली, म्हणजे चुन्याच्या रेघा आखल्या, तरी तासाभरात वाहून जाते; तेव्हा सभागृहाच्या फरशीवर खडूने पाट्या आखून याच चित्रांवरून सराव होतो. वही सर्वांत जास्त भरते ती याच महिन्यांत.

वहीच्या मागच्या भागात प्रतिस्पर्धी संघांविषयीच्या नोंदी आहेत. तिथली एक नोंद मी परवानगी घेऊन उतरवून आणली आहे. ‘सहा नंबर खांबाकडे जाताना एकदा मागे बघते. तेव्हाच खो द्यायचा. आधी दिला तर ती साखळीत शिरते आणि मग अर्धा मिनिट गेला.’ श्रोतेहो, ही नोंद लिहिणारी मुलगी माझ्या वर्गात निबंधाला दहा ओळींच्या पुढे जात नाही, आणि त्या दहा ओळींतही ‘निसर्गाच्या कुशीत’ आणि ‘काळाची गरज’ हे शब्दप्रयोग दोनदा तरी येतात. वहीत मात्र तिने निरीक्षण केले आहे, त्यावरून सूचना दिली आहे, सूचना न पाळल्यास काय होईल तेही सांगितले आहे, आणि सजावटीचे एकही विशेषण वापरलेले नाही. दोष तिचा आहे की माझ्या निबंधाच्या विषयांचा, याचा विचार मी अजून करते आहे. वहीतल्या तिच्या ओळींना वाचक आहेत आणि माझ्याकडच्या निबंधाला फक्त परीक्षक आहे, एवढे मला आतापर्यंत कळले आहे.

संघाला दुसऱ्या एका प्रकारच्या लेखनाशीही झुंजावे लागते, आणि त्यात आम्ही मोठी माणसे कमी पडतो. पात्रतेचे अर्ज, जन्मतारखेचे दाखले, प्राचार्यांची सही, छायाचित्रावर शिक्का, वैद्यकीय प्रमाणपत्र. एका स्पर्धेच्या वेळी एका मुलीने जन्मतारीख लिहिताना महिन्याच्या रकान्यात दिवस आणि दिवसाच्या रकान्यात महिना लिहिला. दोन्ही आकडे बारापेक्षा लहान असल्यामुळे चूक कोणाच्या ध्यानात आली नाही. नोंदणीच्या टेबलावर दाखल्याशी ताडून पाहिले तेव्हा ती सापडली, आणि पहिला सामना तिला कडेला बसून पाहावा लागला. अर्जासोबतच्या सूचना तीन पाने भरून इंग्रजीत होत्या आणि त्या फलकावर लावण्याच्या कागदावर सही माझी होती. ‘सूचना वाचायला नकोत का?’ असे मी तिला विचारले, तेव्हा तिने काही उत्तर दिले नाही. आठवड्याने वहीत एक नवीन पान दिसले. त्यावर भरलेल्या अर्जाचा नमुना, प्रत्येक रकान्यापुढे बाण आणि कोंकणी-मराठीत एकेक ओळीची सूचना होती. जन्मतारखेभोवती लाल शाईचे वर्तुळ. आता नव्या मुली अर्ज भरतात तो त्या पानावरून, माझी तीन पाने कोणी उघडत नाही.

वहीत बदलही होत राहतात. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष व महिला, दोन्ही संघांनी तो जिंकला. आमच्या मुलींनी ते सामने मोबाइलवर पाहिले. तिथे नऊऐवजी सात जणी मैदानात होत्या, आणि बचाव करणारी तुकडी ठरावीक वेळेपलीकडे टिकली तर तिलाही गुण मिळत होते. त्याला ‘ड्रीम रन’ म्हणतात. आमच्या जुन्या रकान्यांत बचाव करणारीच्या नावापुढे फक्त वेळ लिहिण्याची सोय होती. बराच खल होऊन शेवटी मुलींनी पट्टीने एक नवीन उभा रकाना आखला. आमच्या स्पर्धांत त्याचा अजून उपयोग झालेला नाही. तो रिकामाच आहे.

ज्या मुलीने तीन वर्षांपूर्वी त्या हरलेल्या सामन्यात कडेला उभी राहून आपला नंबर विचारला होता, तीच यंदा वही सांभाळते. मागच्या महिन्यात सरावाच्या वेळी गुणलेखनासाठी कोणी नव्हते, म्हणून घड्याळ आणि वही घेऊन मी बसले. एका मुलीने दोन मिनिटे पाच सेकंद बचाव केला आणि मी तिच्या नावापुढे २.५ असे लिहिले. सराव संपल्यावर वही तिच्या सांभाळणारीकडे गेली. तिने पान वरपासून खालपर्यंत वाचले, पेन काढले, माझ्या टिंबापुढे एक शून्य घालून ते २.०५ केले, आणि दुरुस्ती कोणी केली ते कळावे म्हणून शेजारी आपला क्रमांक लिहून वही पिशवीत ठेवली.

नमस्कार.