कळतंय, पण वळत नाही

मेसेज पाठवून तास झाला. समोरच्याने वाचलाय, पण उत्तर नाही. कुणाला एवढ्याने काहीच वाटत नाही. कुणाच्या पोटात मात्र खड्डा पडतो: 'झालं, हाही मला सोडून जाणार.' तो कामात असेल, हे डोक्याला कळत असतं. पोटातला खड्डा काही बुजत नाही.

कॉग्निटिव्ह थेरपी म्हणजे चुकीचे विचार तर्काने तपासून बदलण्याचा उपचार. तिचे जनक ॲरन बेक यांच्याकडे ती शिकलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेफ्री यंग यांना नेमकी हीच अडचण भेटली. काही रुग्णांचा चुकीचा विचार तर्काने खोडून निघायचा, भावना मात्र जागची हलायची नाही. त्यातून १९८० च्या दशकापासून स्कीमा थेरपी आकाराला आली.

लहानपणी सुरक्षित नातं, मोकळेपणी बोलण्याची मुभा, वाजवी मर्यादा अशा गरजा भागल्या नाहीत, की स्वतःबद्दल आणि जगाबद्दल एक ठाम समज मनात मुरते. तीच स्कीमा. (हो, मर्यादासुद्धा. ज्याला कधी 'नाही' ऐकावंच लागलं नाही, त्याचाही स्कीमा तयार होतो.) यंग यांनी असे १८ स्कीमा मांडले. ते शोधायला मुलाखतीबरोबर प्रश्नावली असते. छोट्या आवृत्तीत ९० विधानं, प्रत्येकाला १ ते ६ गुण. पण गुण कमी आले म्हणजे स्कीमा नाही, असं समजू नये. भावना टाळण्यात तरबेज माणसाचे गुण अनेकदा कमी येतात.

कारण स्कीमा एकच असला, तरी त्याला तोंड देण्याच्या तऱ्हा तीन. सोडून जाण्याची भीती असलेला एक जण पुन्हा पुन्हा बेभरवशाचीच माणसं निवडतो. दुसरा कुणाच्या जवळच जात नाही. तिसरा आधीच भांडून नातं तोडतो, म्हणजे सोडणारा तोच ठरतो. लहानपणी यातल्या एखाद्या तऱ्हेने निभावून नेलेलं असतं, म्हणून ती सुटता सुटत नाही.

आता प्रत्यक्ष सत्र. डोळे मिटायला सांगतात. आधी सुरक्षित वाटणारी एक जागा डोळ्यांसमोर आणायची. मग अलीकडचा बोचरा प्रसंग. शरीरात ते कुठे जाणवतंय, तिथे थांबायचं. प्रसंग सोडून द्यायचा, भावना धरून ठेवायची आणि तिच्याबरोबर लहानपणीचं जे चित्र येईल ते येऊ द्यायचं. सांगायचं वर्तमानकाळात: 'मी सात वर्षांची आहे. दाराआड उभी आहे. बाबा ओरडतायत.' इथे थेरपिस्ट विचारतो, 'मी आत येऊ?' आणि त्या चित्रात शिरून मुलीच्या आणि वडिलांच्या मध्ये उभा राहतो. वडिलांना थांबवतो, मग खाली बसून मुलीला विचारतो, 'तुला आत्ता काय हवंय?' घडलेलं बदलत नाही. त्या आठवणीला चिकटलेला 'माझंच चुकलं' हा अर्थ सैल होतो. पुढच्या टप्प्यात चित्रात शिरायचं काम रुग्ण स्वतः, मोठ्या वयाचा होऊन करतो.

यात घाई अंगाशी येते. मारहाणीची आठवण असेल, तर मारहाण सुरू होण्याआधीच चित्र थांबवून हस्तक्षेप करायचा. सगळं पुन्हा भोगायला लावायची गरज नसते. आणि सत्र संपता संपता हे काम काढू नये. माणूस उघड्या जखमेसह घरी जातो.

दुसरा धोका याहून फसवा. रुग्ण स्वतःच्या स्कीमांबद्दल सुरेख, मुद्देसूद बोलतो आणि महिनोन्‌महिने काही बदलत नाही. हा 'अलिप्त रक्षक': दुखू नये म्हणून भावनेवर झाकण ठेवणारा मनाचा भाग. त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही. रुग्णाला दुसऱ्या खुर्चीत बसवून त्या रक्षकालाच बोलतं करतात: तू कधीपासून पहारा देतोयस, बाजूला झालास तर काय होईल? भीती कळली की तो थोडा सरकतो.

दोन सत्रांच्या मधल्या दिवसांसाठी खिशात एक कार्ड. त्यावर चारच गोष्टी: आत्ता मला काय वाटतंय, कोणता स्कीमा जागा झालाय, वस्तुस्थिती काय आहे, आणि आता मी काय करणार. ही शेवटची ओळ मोघम असली की कार्ड निकामी. 'शांत राहीन' नव्हे. 'संध्याकाळपर्यंत दुसरा मेसेज करणार नाही, तोवर फिरून येईन.'

सवय मोडण्याचा हा टप्पा सहसा सर्वांत लांबतो. नेदरलँड्समध्ये बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराच्या (ज्यात भावना आणि नाती सतत टोकाला हेलकावतात) ८६ रुग्णांवर झालेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवड्याला दोन सत्रं, तीन वर्षांपर्यंत चालली. तुलनेसाठी घेतलेल्या मनोविश्लेषणाधारित उपचारापेक्षा स्कीमा थेरपीत बरे होणारे जास्त निघाले आणि मध्येच सोडणारे कमी. सगळ्यांनाच एवढा काळ लागत नाही.

स्कीमा पुसला जात नाही. तो कमी वेळा जागा होतो, कमी जोराने, आणि त्यातून सावरायला दिवसांऐवजी तास लागतात. म्हणूनच शेवटी सत्रं एकदम बंद न करता लांबवत नेतात, आधी पंधरवड्याने, मग महिन्याने. निरोपाची चाहूल लागताच सोडून जाण्याची भीती हमखास पुन्हा उसळते, आणि तिच्यावर काम करायला तेव्हा थेरपिस्ट समोर असावा लागतो.