पेच: आखाड्यातला आणि वाटाघाटीतला

श्रोतेहो, नमस्कार.

बोलणी अडली, पुढे सरकेनात, मागेही फिरता येईना, की आपण म्हणतो, 'पेच पडला'. शब्द मूळचा फारसी. 'पेचीदन' म्हणजे पिळणं, गुंडाळणं. पेच म्हणजे पीळ, वेढा. पंधराव्या शतकात बहामनी वजीर महमूद गावानने बेळगावचा किल्ला घेतला, पुढे विजापूरची आदिलशाही आली. दख्खनच्या या राजवटींत असे कितीतरी फारसी शब्द आपल्या बोलण्यात मुरले. पगडीच्या वेढ्याला पेच, स्क्रूलाही पेच, पतंगांचे दोरे एकमेकांत अडकले तरी पेचच.

पण या शब्दाचा पुरता अर्थ कळतो तो कुस्तीत. आपल्या बेळगावात, आनंदवाडीच्या आखाड्यात कधी बघा. एकाने मनगट धरलंय, दुसऱ्याने पटात हात घातलाय, मानेला मान भिडलीय. अंगाला लाल माती, भात्यासारखे श्वास, आणि हालचाल काहीच नाही. पकड सैल करील त्याच्यावर डाव पडणार, म्हणून दोघेही सोडत नाहीत. ताकद दोघांची लागलेली असते, तरी कुस्ती जागची हलत नाही.

'कोंडी'चं तसं नाही. ती कोंडण्यातून आली. एकाने वाट अडवायची आणि दुसऱ्याने आत अडकायचं. म्हणून कोंडी फोडतात, पेच मात्र सोडवावा लागतो. आपल्या सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याच्या बातम्यांत आज कोंडी, उद्या पेच, परवा तिढा, असं हाताला येईल ते छापतात. मला हे फार खटकतं. कोंडी म्हटलं की वाट अडवणारा कोण ते सांगावं लागतं. पेच म्हटलं की दोघांचेही हात दाखवावे लागतात.

हा शब्द कन्नडनेही घेतला, हे मला विशेष वाटतं. खडेबाजारात उधारी थकलेला मराठी दुकानदार म्हणतो, "पेचात पडलोय की गा!" शेजारचा कन्नड दुकानदार त्याच ओढाताणीला 'पेचाट' म्हणतो. त्यांचा वाक्प्रचार आहे 'पेचिगे सिलुकु'. सिलुकु म्हणजे अडकणं, सापडणं. आपण 'पेचात सापडलो' म्हणतो, अगदी तेच.

नमस्कार.