ओटीपी कुणाच्या फोनवर?

श्रोतेहो, नमस्कार.

देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. ते मिळालं एका बाईला. तेव्हापासून रेशन, पेन्शन, सातबारा, दाखले असं बरंच काही फोनवर आलं. तलाठ्याच्या दारातले हेलपाटे कमी झाले, हे मी मनापासून मान्य करते. पण घरातला फोन कुणाचा, हे कुणी विचारलं नाही.

गावाकडे बऱ्याच घरांत चांगला फोन एकच असतो, आणि तो घरधन्याच्या खिशात असतो. बायकोच्या आधारलाही त्याचाच नंबर जोडलेला. तो उसाच्या तोडीला गेला, की ही सेवा केंद्रात रोजगार बुडवून बसते. केंद्रवाला विचारतो, "ताई, ओटीपी आला का?" ती शेजारणीच्या फोनवरून नवऱ्याला लावते. रेंज नाही. आधारचा ओटीपी दहा मिनिटंच चालतो. मग "उद्या या."

लाडकी बहीण योजनेत हे फार ठळकपणे दिसलं. पैसे थेट बाईच्या खात्यात, ही मोठीच गोष्ट. पण 2025 च्या सप्टेंबरात ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, सुरू झालं, तेव्हा तिच्या आधारसोबत नवऱ्याचं किंवा वडिलांचंही आधार मागितलं गेलं, आणि ओटीपी त्यांच्या मोबाइलवर. ज्यांचे वडीलही नाहीत आणि नवराही नाही, त्या विधवांनी काय करायचं? टाकून दिलेल्या बाईने ओटीपीसाठी त्याच माणसाला फोन लावायचा? ओरड झाल्यावर अशा बहिणींसाठी वेगळी सोय करावी लागली. अर्जाचा नमुना ठरवताना एखाद्या अंगणवाडी सेविकेला विचारलं असतं, तर तिने ही अडचण पहिल्याच दिवशी सांगितली असती. कोणत्या घरात फोन कुणाच्या हाती असतो, हे तिला तोंडपाठ असतं.

माझी सरकारकडे मागणी आहे, की बाईच्या कुठल्याही अर्जात पुरुषाच्या ओटीपीची अट नको. आणि घरच्या मंडळींनो, तिच्या नावाचं सिमकार्ड घ्या, साध्या बटणाच्या फोनवरही ओटीपी येतो. ते तिच्या आधारला जोडायला तालुक्याला जायलाच हवं असं नाही. पोस्टमनकडूनही मोबाइल नंबर बदलून मिळतो, थोडं शुल्क पडतं, कागदपत्रं लागत नाहीत, अंगठा मात्र तिचाच लागतो. तुमच्या भागात ही सोय आहे का, ते जवळच्या पोस्टात विचारा.